बाद नमुना

त्याने जाड हातमोजे चढवले आणि फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातला खोका जोर लावून ओढला. खोका बर्फात रुतून बसला होता. दोन हिसके दिले तरी जागचा हलेना. तिसऱ्या हिसक्याला एकदम सुटला, तसा तो खोका पोटाशी धरून मागे भेलकांडला.

“सावकाश! त्या खोक्यापेक्षा तुमची कंबर जुनी आहे,” बाई म्हणाल्या.

बाई जीवशास्त्राच्या, तो रसायनाचा. नवे रेणू तो बनवायचा आणि ते जिवंत पेशीत गेल्यावर काय दिवे लावतात ते बाई बघायच्या. केस काळे होते तेव्हापासून दोघं एकाच प्रयोगशाळेत भांडत आले होते, म्हणून त्यांचं बरं जमत होतं.

जुना फ्रीज काही दिवसांपासून कण्हत होता. नवा आला होता, पण तो आकाराने लहान. म्हणून असं ठरलं होतं की नव्यात जाणाऱ्या प्रत्येक नळीला कारण हवं. कारण नसेल तर ती लाल पिशवीत. बाई स्टुलावर बसून निवाडे देत होत्या. ठेवा. फेका. फेका. ठेवा.

“यात काय आहे?”

“निरोगी माणसांचं रक्त,” त्याने झाकणावरचा बर्फ अंगठ्याने पुसून वाचलं. “सुरुवातीचं.”

“अरे देवा, ते अजून आहे? फेका.”

त्याने खोका उघडला. आत निळ्या झाकणांच्या नळ्या ओळीने उभ्या होत्या आणि कोपऱ्यात एकच पिवळ्या झाकणाची. त्या झाकणावर कोणीतरी काळ्या शाईने फुली मारली होती.

त्याचा हात तिथेच थांबला.

गांज्यातलं द्रव्य मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, ते रिसेप्टर काही गांज्याची वाट बघत बसलेले नसतात. शरीर स्वतःच त्या जातीचं एक द्रव्य बनवतं, गरजेपुरतं, थोडं थोडं. ते तिथे बसलं की दुखणं उतरतं, धास्ती कमी होते. पण शरीरातच एक एन्झाइम असं आहे की ते या द्रव्याला टिकू देत नाही, लगेच तोडून टाकतं. त्या एन्झाइमला अडवणारा रेणू त्याला बनवायचा होता. म्हणजे बाहेरून काही घ्यायला नको, नशा नको, आपलंच द्रव्य आपल्याला पुरेल आणि दुखणं तेवढं जाईल. एवढं एकच काम त्याने जन्मभर केलं होतं.

बायकोला त्याने हे एकदा जेवताना समजावून सांगितलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे आपल्या घरातलं ते एन्झाइम तुम्हीच की! चार माणसं हसायला बसली की तुम्ही भांडी आवरायला घेता.”

पुढे निरोगी माणसाच्या रक्तात हे द्रव्य किती असतं ते बघायची वेळ आली, तेव्हा प्रयोगशाळेतल्यांनी आपापली माणसं पकडून आणली होती. तो चष्मा घरी विसरला होता. बायको तो द्यायला आली, तर त्याने तिलाही बसवलं. सुई टोचणाऱ्याला तिची शीर काही सापडेना. तो टोचत होता, काढत होता, पुन्हा टोचत होता. घाम त्याला फुटला होता. आणि ही त्याला शेजारणीच्या मांजराची गोष्ट सांगत होती, स्वतःच हसत होती आणि हसताना दंड हलवत होती. शेवटी एकदाचं रक्त आलं. ती शेवटचीच होती, निळी झाकणं संपली होती.

“पिवळं लावा की,” ती म्हणाली होती. “मला पिवळं आवडतं.”

“काय हो, गोठलात की काय?” बाई स्टुलावरून उतरून जवळ आल्या. त्यांनी वाकून पाहिलं. “हा तर बाद केलेला नमुना. फुली दिसत नाही का? तुम्हीच बाद केला होतात.”

एक नमुना आपण बाद केला होता हे त्याला आठवत होतं. तो पिवळ्या झाकणाचा होता, हे मात्र तो आज पहिल्यांदा बघत होता. नळ्यांवर नावं नसायची, नसावीत असा नियमच होता, आणि त्याच्यापर्यंत फक्त आकडे यायचे.

“हा ठेवू,” तो म्हणाला.

“कारण?”

“जनुकं वाचून बघा याची.”

“बाद नमुन्याची? कशासाठी?”

“एक शंका आहे.”

“शंका म्हणजे कारण नव्हे. हे तुमचंच वाक्य.”

“बाई, उगीच फाटे फोडू नका. वाचा म्हटलं तर वाचा.”

बाईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. बायको गेल्यापासून तो असाच खेकसायचा आणि बाई त्याला हल्ली उलटून बोलत नसत. त्यांनी नळी उचलली आणि ‘ठेवा’च्या रांगेत उभी केली.

शंका वगैरे काही नव्हती. बायकोचे कपडे लेकीने वाटून टाकले होते. तिचा कंगवा कुठे गेला ते कळलं नव्हतं. घरातला तिचा वासही गेला होता. आणि इथे, त्याच्या नाकासमोर, इतकी वर्षं तिचं रक्त उभं होतं. ते लाल पिशवीत जाऊ द्यायचं नव्हतं, बस. त्यासाठी तोंडाला येईल ते कारण त्याने सांगितलं होतं.

रविवारी लेक आली. तिचं घर चार गल्ल्या सोडून होतं. आली की ती आधी खिडक्या उघडायची आणि मग बापाला बोलायला सुरुवात करायची.

“बाबा, या पातेल्याचा एक कान पार जळलाय. टाकू का?”

“राहू दे.”

“अहो, हातात येईल तो एक दिवस.”

“तुझ्या आईचे प्रताप. गॅसवर ठेवायचं आणि गप्पा मारत बसायचं. भाजलं तरी हिला पत्ता नाही. वास सुटायचा तेव्हा मी धावत यायचो. वर किल्ल्या रोज हरवायच्या.”

लेक हसली. आईचं नाव निघालं की ती अजून हसू शकत होती, आणि त्याला ते आत कुठेतरी बोचायचं. त्याला तसं हसू येत नव्हतं. रडूही धड येत नव्हतं. त्याला राग यायचा.

रागाचं कारण सगळ्या घराला पाठ होतं. बायकोचं दुखणं सापडलं तेव्हा ते हाडांत पोचलं होतं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, “इथवर यायला वर्ष तरी गेलं असेल. जीव नकोसा झाला असणार दुखून. तुम्हाला काही बोलल्या नाहीत?” आणि त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं तो विसरला नव्हता. ज्याने दुखणं घालवायला जन्म वेचला, त्याच्याच बायकोने त्याच्यापासून दुखणं लपवलं. का? हा आपल्या कामात असतो, याला कशाला सांगा? की सांगण्यालायक माणूसच वाटला नाही?

इस्पितळातही तिचं एकच पालुपद होतं. “काही दुखत नाहीये हो.” वर हसायचं. नर्सला घरची चौकशी करायची. एक दिवस त्याचा तोल गेला. “खोटं बोलू नकोस!” तो इतक्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याचा हात थोपटून म्हणाली, “बरं बाबा, दुखतंय. झालं समाधान?”

तेव्हा खरंच समाधान झालं होतं त्याचं. कबूल तरी केलं, असं वाटलं होतं.

“बाबा, तिने मुद्दाम नसेल हो लपवलं,” लेक पातेलं घासत म्हणाली.

“मग काय डॉक्टर वेडे आहेत?”

“मामा तिला दगडू का म्हणायचा माहितेय ना? झाडावरून पडली, मनगट मोडलं, आणि तशीच शाळेत गेली. हात सुजून भोपळा झाला तेव्हा आजीला दिसलं.”

“तेच तर मी म्हणतोय! लहानपणापासूनची खोड. मरेन पण सांगणार नाही.”

“तुमच्यापुढे ना, डोकं आपटलं तरी...” लेकीने वाक्य सोडून दिलं.

त्याचं लक्ष ओट्याकडे गेलं. ओट्यावर रक्ताचे थेंब पडले होते. पातेल्यावरही होते.

“हे काय? कुठे कापलंस?”

“कुठे?” लेकीने हात उलटसुलट करून पाहिले. करंगळीखाली चांगला लांब चिरा गेला होता. “अय्या, हो की. त्या जळक्या कानानेच केलं असणार.”

“वेंधळी ती वेंधळी. अगदी आईच्या वळणावर गेली आहेस.”

“जाऊ दे ना. कोणीतरी जायला नको का तिच्या वळणावर?” लेक म्हणाली आणि हाताला फडकं गुंडाळून पुन्हा पातेलं घासायला लागली.

बुधवारी बाई प्रयोगशाळेतल्या त्याच्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. असं त्या कधी करत नसत. त्यांचं म्हणणं साऱ्या इमारतीला ऐकू जावं, अशीच त्यांची नेहमी इच्छा असे.

“सर, तुमची शंका कसली होती ते आधी सांगा.”

“का? काय झालं?”

“काय झालं? काखेत कळसा नि गावाला वळसा, ते झालं. त्या बाद नमुन्यात एन्झाइमचं जनुक मोडकं आहे. जन्मापासून. या माणसाच्या शरीरात ते एन्झाइम असून नसल्यासारखं. तुमच्या रेणूने जे करावं म्हणून आपण हाडांची काडं केली, ते याला आईच्या पोटातून येतानाच मिळालेलं. आणि तो आपल्याच फ्रीजमध्ये, आपल्याच खोक्यात!”

बाईंनी खुर्ची ओढली.

“तेव्हा द्रव्याचा आकडा किती मोठा आला होता आठवतं ना? आपण म्हटलं, रक्त बाहेर राहिलं असणार.”

त्याला आठवत होतं. रक्त लगेच बर्फात ठेवलं नाही तर त्यातल्या पेशी ते द्रव्य बनवतच राहतात आणि आकडा खोटाच फुगतो. त्यांच्या धंद्यातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी तो हेच सांगेल. आकडा मोठा म्हणजे हात चुकला. दुसरी शक्यता कोणाच्या मनातही येत नाही. त्याने नमुने घेणाऱ्या माणसाला बोलावून सगळ्यांसमोर झापलं होतं. तो माणूस शपथेवर सांगत होता, ‘बर्फातच ठेवलं होतं सर, माझ्या हाताने ठेवलं.’ ‘मग बर्फ जरा स्वतःच्या डोक्यावरही ठेवा,’ असं तो म्हणाला होता, आणि आजूबाजूचे हसले होते. मग त्याने तो नमुना बाद करायला सांगितला. कोणाचा आहे हे विचारायचं त्याला कारणच नव्हतं.

“म्हणजे अशा माणसाला...” तो सावकाश म्हणाला, “दुखतच नाही?”

“जवळपास नाहीच. भाजलं तर वास आल्यावर कळणार. हाड मोडलं तर सूज दिसल्यावर.”

“आणि स्वभावाने?”

“मजेत असणार. घाबरणं ठाऊक नाही, कुढणं ठाऊक नाही. थोडा विसराळू. आज काय बोललो ते उद्या आठवेलच असं नाही.”

“किल्ल्या हरवणारा.”

“हां, तसलाच. असा नवरा मिळाला असता तर मी दोन संसार केले असते.” बाई मोठ्याने हसल्या. “तुम्ही का तोंडाला कुलूप लावून बसलात? अहो, यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा? आपली गोळी घेतली की माणसं अशी होतील. नाचायला पाहिजे तुम्ही!”

“आणि आत काही वाढत असेल तर?”

“काय वाढत असेल?”

“एखादं दुखणं. आतल्या आत. त्यांना कसं कळणार?”

“नाही कळणार,” बाई म्हणाल्या. “तेवढा एक तोटा.”

तो उठून खिडकीशी गेला. खाली गाड्यांच्या तळावर एक माणूस आपल्या गाडीची काच पुसत होता. पुसत होता, मागे सरून बघत होता, पुन्हा पुसत होता.

“हा माणूस शोधायला हवा, सर. आता नावांचा नियम शिथिल करून घेऊ. आणि तो एकटाच नाही, त्याची मुलंबाळं असतील तर तीही. निम्म्यांत तरी उतरणारच हे.”

“त्या दिवशी निळी झाकणं संपली होती,” तो म्हणाला.

“काय?”

“पिवळं लावा, म्हणाली. मला पिवळं आवडतं, म्हणाली.”

बाईंना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला. थोड्या वेळाने त्या उठल्या, त्याच्या टेबलावर सांडलेले कागद नीट लावले, पुन्हा विस्कटले, आणि दार हळूच ओढून घेऊन गेल्या.

तिने काही लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतंच. सबंध आयुष्यात ती त्याच्याशी एकदाच खोटं बोलली होती, इस्पितळात, आणि तेही त्याने ओरडून तिच्याकडून वदवून घेतलं होतं.

आणि खरं काय ते कोणाला आधी कळू शकलं असतं तर ते त्यालाच. आकडा त्याच्याच टेबलावर आला होता. त्यावर फुली त्याने मारायला लावली होती.

तो टोपी न घेताच निघाला आणि तडक लेकीच्या घरी गेला. दार उघडंच होतं. लेक स्वयंपाकघरात होती.

“न कळवता? तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“मग चेहरा का असा? बसा, बटाटे उकडलेत, एवढं पाणी काढते. आणि हे बघा, आज आईवरून पुन्हा सुरू करणार असाल तर आधीच सांगते, मला वेळ नाही. मी काल मामाशी बोलले. तो म्हणाला...”

बोलता बोलता तिने शेगडीवरचं पातेलं दोन्ही कानांना धरून उचललं. पातेल्यातलं पाणी अजून खदखदत होतं. वाफ तिच्या तोंडावर येत होती. फडकं शेजारच्या खुंटीला लटकलेलं होतं. ती पातेलं तसंच हातात धरून त्याच्याकडे वळली आणि मामा काय म्हणाला ते सांगत राहिली.

“फडकं घे,” तो म्हणाला.

“हं? कशाला? धरलंय की. तर मामा म्हणाला...”

“खाली ठेव ते!”

“काय झालं एकदम ओरडायला?”

तो पुढे झाला आणि त्याने तिच्या हातातून पातेलं घेतलं. घेतलं तसा कळवळून ओरडला. पातेलं मोरीत आपटलं, बटाटे सगळीकडे उडाले.

“बाबा! अहो, उघड्या हाताने कोणी धरतं का? बघू, बघू हात.” लेकीने त्याला ओढत नळाशी नेलं, नळ सोडला आणि त्याचा तळवा पाण्याखाली धरला. “लहान का आहात आता? फोड येणार बघा हा. फार आग होतेय?”

“होतेय.”

“होणारच.”

त्याने दुसऱ्या हाताने तिचं मनगट पकडलं आणि तिचा तळवा आपल्या तळव्याशेजारी पाण्याखाली धरला. दोन्ही तळवे सारखेच लालभडक झाले होते. तिच्या करंगळीखाली रविवारचा चिरा अजून तसाच उघडा होता.

“माझा कशाला? भाजलंय तुम्हाला,” लेक हसत म्हणाली. “मला काही दुखत नाहीये हो, बाबा.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.

पाणी वाहत होतं. तिने हात सोडवून घ्यायला बघितलं. त्याने तो आणखी घट्ट धरला.